एका जोडणीवर दोन भार

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जोडकामाचा गाळा चालविणाऱ्या माणसाकडे जी कामे येतात, त्यांपैकी बहुतेक कारखान्यांच्या नकाशाबरहुकूम करावयाची असतात. भोक किती व्यासाचे, पत्रा किती जाडीचा, वेल्डिंगची रेघ किती लांबीची, हे सर्व वरून ठरून आलेले असते आणि ते इमानेइतबारे लोखंडात उतरविणे एवढेच कर्तव्य आमच्या वाट्याला उरते. परंतु क्वचित एखादे काम असे येते की, ज्याचा नकाशा कोणीच काढलेला नसतो, ज्याची मागणी ऐकताना अत्यंत साधी वाटते, आणि ज्याच्या पोटात मात्र भाराचे गणित, कायद्याची कलमे, रस्त्याची प्रकृती आणि मनुष्याची हौस या सर्वांचा एकत्र विचार दडलेला असतो. पिकअप गाडीच्या मागे सायकली अडकविण्याचा सांगाडा आणि त्याच्याही मागे ट्रॉली, अशी दुहेरी जोडणी एकाच ठिकाणी करून द्यावी, ही एका गृहस्थांची मागणी त्याच जातीची होती.

वाळूजचा परिसर ज्यांनी पूर्वी पाहिला असेल त्यांना आठवेल की, नगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गंगापूर तालुक्यातील बाजरीची आणि कापसाची शेते पसरलेली होती. १९८५ च्या नोव्हेंबर महिन्यात बजाज ऑटोच्या येथील कारखान्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले, आणि त्यानंतर दुचाकी व तीनचाकी वाहनांचे सुटे भाग पुरविणारे लहानमोठे गाळे या माळावर उभे राहत गेले. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर ही मूळची शेतकऱ्यांची गावे कामगारांच्या वस्तीने भरून गेली. असे असले तरी येथला कामगार सातबाऱ्यावरचे आपले नाव पुसून आलेला नाही. आठवड्याचे सहा दिवस तो यंत्रापाशी उभा असतो आणि सातव्या दिवशी बांधावर. त्यामुळे त्याच्या वाहनाकडूनही तो दुहेरी चाकरीची अपेक्षा करतो, आणि ती अपेक्षा मला नेहमीच आदरणीय वाटत आलेली आहे.

मजकूर गृहस्थ बजाजनगरात राहणारे, एका कारखान्यात जबाबदारीच्या हुद्द्यावर असलेले, आणि गंगापूर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीत मोसंबीची बाग जोपासणारे. त्यांच्या डबल कॅबिनच्या पिकअपचा हौदा फवारणीचा पंप, पाण्याची टाकी आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी यांनी भरलेला असे. बागेतून परतताना मोसंबीचे क्रेट आणण्यासाठी त्यांनी एक दुचाकी ट्रॉली, रीतसर कागदपत्रांसह, विकत घेतली होती. सुटीच्या दिवशी शेतावरचे काम आटोपून मुलांसह दौलताबादचा घाट, खुलताबाद आणि तेथून म्हैसमाळचा चढ सायकलीने चढण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि म्हणून चार सायकलीही गाडीबरोबर हव्या होत्या. परदेशी गाड्यांच्या मागे हिचच्या, म्हणजे चॅसीच्या टोकाला बसविलेल्या ओढणीच्या जोडणीच्या, एकाच नळीला सायकलींचा सांगाडा आणि त्याच्या शेपटाला ट्रॉली जोडलेली त्यांनी चित्रांत पाहिली होती. तसेच लोखंड त्यांना हवे होते.

आमच्या गाळ्यातील वेल्डिंगचे मुख्य मिस्त्री, ज्यांना सर्व वसाहत चाचा म्हणूनच ओळखते, त्यांनी ती मागणी शांतपणे ऐकून घेतली आणि गाडीखाली वाकून चॅसीचे शेवटचे टोक हाताने चाचपून पाहिले.

"साहेब, ट्रॉलीच्या तोंडाचं वजन कोण उचलणार?"

"हिच उचलणार, चाचा."

"आणि सायकलींचं?"

"तेही हिचच."

"मग हिचला कोण उचलतंय, ते बघा आधी."

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच आमचे खरे काम झाले. बाकीचे सर्व कापणे, जोडणे आणि रंगविणे होते.

प्रथम ट्रॉली आपला भार कसा टाकते ते पाहावे. दोन चाकांच्या ट्रॉलीचे बहुतांश वजन तिच्या स्वतःच्या आसावर असते. परंतु एकंदर वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, फार तर सातवा, दांडीच्या तोंडाशी गाडीवर उतरलेला असावा लागतो. तो याहून कमी झाला आणि ट्रॉली मागच्या बाजूने जड झाली, तर वेगात ती डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागते आणि पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर झुलविते. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. उलाळ झालेली गाडी बैलांच्या मानेवरून जू उचलू पाहते, म्हणून साट्यात माल भरताना तो पुढे किती आणि मागे किती याचा विचार आमच्या आज्यापणज्यांनी पिढ्यान् पिढ्या केलेला आहे. या गृहस्थांची ट्रॉली मोसंबीने भरली म्हणजे सातशे किलोग्रॅमच्या आसपास जाई. तेव्हा तोंडाचा भार सत्तर किलोग्रॅम धरणे भाग होते.

सत्तर किलोग्रॅम म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन. पिकअपच्या चॅसीला ते जड नाही. चार सायकली आणि त्यांचा सांगाडा मिळून ऐंशी किलोग्रॅम, तेही जड नाही. दोहोंची बेरीज दीडशे, आणि दीडशे किलोग्रॅमचे नाव ऐकून कोणी दचकणार नाही. येथेच सर्वसामान्य माणसाचा हिशेब संपतो आणि जोडणी करणाऱ्याचा सुरू होतो. कारण लोखंडाला वजन जितके जाणवते, त्याहून अधिक त्या वजनाचे अंतर जाणवते. कमरेवर घेतलेला हंडा जी बाई कोसभर वाहून नेते, तिलाच तो हात लांब करून क्षणभरही धरता येणार नाही, एवढा एक दाखला या ठिकाणी पुरेसा आहे.

ट्रॉली थेट हिचला जोडली, तर हिचचा बॉल, म्हणजे दांडीचे तोंड ज्यावर बसते तो गोळा, चॅसीच्या टोकापासून सुमारे पाव मीटर मागे येतो. सत्तर किलोग्रॅम गुणिले पाव मीटर, म्हणजे साडेसतरा किलोग्रॅम-मीटरचा पीळ त्या टोकाला सहन करावा लागतो. मध्ये सायकलींचा सांगाडा घातला, की बॉल सुमारे ०.९ मीटर मागे सरकतो, आणि तेच सत्तर किलोग्रॅम ६३ किलोग्रॅम-मीटरचे काम करू लागतात. सायकलींचे ऐंशी किलोग्रॅम अर्ध्या मीटरवर धरले तर आणखी ४०. एकूण १०३, म्हणजे वजन दुपटीहून थोडे अधिक झाले, पण पीळ मूळच्या जवळजवळ सहापट झाला. हा सर्व हिशेब गाडी उभी असतानाचा आहे. वाळूज ते गंगापूर या वाटेवर खड्डे आणि गतिरोधक यांवरून चाक आदळते त्या क्षणी या आकड्यांचे काय होते, ते आमच्या गाळ्यात दुरुस्तीस येणाऱ्या ट्रॉलींच्या तडकलेल्या दांड्या सांगतात.

या पिळाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आणि म्हणून अधिक भयावह आहे. मागच्या आसाच्या मागे ठेवलेले प्रत्येक वजन पुढच्या चाकांना थोडे थोडे जमिनीवरून उचलीत असते. दोन आसांमधील अंतर तीन मीटर धरून हिशेब केला, तेव्हा असे आढळले की, केवळ ट्रॉलीमुळे पुढच्या आसावरील भार सुमारे २८ किलोग्रॅमने घटतो, परंतु या दुहेरी जोडणीत तो ८२ किलोग्रॅमने घटतो. गाडीची दिशा पुढची चाके ठरवितात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. त्यांचा जमिनीशी असलेला संबंध सैल करणे म्हणजे चालकाच्या हातातील चक्राचा अंमल कमी करणे होय. ट्रॅक्टरचा ड्रॉबार आसाच्या खाली, जमिनीलगत का असतो याचे कारण याच शास्त्रात आहे. वरच्या ठिकाणी साखळी बांधून ओढ घेतली, की ट्रॅक्टरचे नाक वर उठते आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटू शकतो. शेतातील रुतलेली ट्रॉली काढताना घाईने केलेल्या अशा ओढीने माणसे प्राणास मुकली आहेत.

मी हे आकडे कागदावर मांडून त्या गृहस्थांपुढे ठेवले. ते समंजस होते, तथापि त्यांचा प्रश्नही रास्त होता: परदेशात जर लोक असे लावतात, तर येथे का नाही? त्यास माझे उत्तर असे होते की, अमेरिकेत गाडीच्या हिचवर ती किती ओढू शकेल आणि तोंडाचा किती भार पेलू शकेल हे लिहिलेली पट्टी असते, नळीची मापे दोन इंची किंवा सव्वा इंची अशी ठरलेली असतात, आणि बॉल मागे सरकविणारी लांब नळी घातली की पेलण्याची मर्यादा सामान्यतः निम्म्यावर आणावी, असे तेथील कारखानदारच सांगतात. चित्रात लोखंड दिसते. ही पट्टी दिसत नाही.

आमच्याकडील अडचण आणखी निराळी होती, आणि ती सांगितल्यावाचून कामाचे स्वरूप कळणार नाही. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आपल्या बाजारात चौकोनी पोकळ नळी बहुधा मिळते ती भारतीय मानकाच्या मापांची: बाहेरून ४९.५ किंवा मग ६० मिलिमीटर. साठाची, चार मिलिमीटर जाडीची नळी रिसीव्हर, म्हणजे दांडी आत घेणारी बाहेरची नळी, म्हणून घेतली तर आतले माप ५२ येते, आणि तीत ४९.५ ची दांडी बसविली की अडीच मिलिमीटरची ढील उरते. शिवाय नळीच्या आत लांबीभर वेल्डची उंच रेघ असते; ती कानशीने घासून काढल्यावाचून दांडी सरळ जात नाही, आणि ती काढली की ढील अधिकच जाणवते. एवढी ढील ट्रॉलीला चालून जाते, कारण बॉलपाशी ती मुळातच हलती असते. सायकलींच्या सांगाड्याला मात्र ती चालत नाही, कारण नळीच्या तोंडाशी जे दोन मिलिमीटर, ते मीटरभर मागे बोटभर होतात, आणि प्रत्येक हिसक्याला सांगाडा खणखणत आपल्याच पिनेचे भोक लांबट करीत जातो. चाचांनी या ढिलीवर केलेली तजवीज पाहण्यासारखी होती. दांडीच्या दोन बाजूंना त्यांनी पातळ पत्र्याच्या पट्ट्या जोडल्या, त्या गुण्या लावून घासून मापाला आणल्या, आणि रिसीव्हरच्या बाजूला एक नट जोडून त्यातून बोल्ट आवळला की दांडी एका कोपऱ्यात घट्ट दाबली जाईल अशी व्यवस्था केली. हाताने हलविले असता सांगाडा आणि गाडी एकजीव वाटत.

परंतु घट्ट बसणे म्हणजे योग्य असणे नव्हे. आम्ही गाळ्यासमोरच्या सिमेंटच्या अंगणात गाडी उभी केली, लाकडी पट्ट्यांचा सांगाडा तात्पुरता बांधला, ट्रॉली हातांनी हळूहळू वळविली आणि तिच्या दांडीची वाट खडूने जमिनीवर रेखत गेलो. सरळ मार्गात आणि सौम्य वळणात सर्व काही ठीक होते. गाडी मागे घेताना ट्रॉली काटकोनाच्या जवळ वळते, त्या वेळी मात्र तिच्या त्रिकोणी दांडीची कड सायकलीच्या चाकाला भिडे, आणि दांडीवर उभ्या असलेल्या जॅकची मूठ सायकलीच्या हँडलमध्ये अडके. शेताच्या बांधावर, जेथे मागे घेण्याला पर्याय नसतो, तेथे हा प्रसंग येणारच होता. गतिरोधकाची उंची लाकडी फळ्यांनी उभी करून पाहिली, तर एवढ्या मागे गेलेला बॉल जमिनीला घासण्याच्या बेतात येई. शिवाय सायकलींच्या चाकांमागे गाडीचे मागचे दिवे आणि क्रमांकाची पाटी दोन्ही झाकली जात.

खडूच्या त्या रेघा पाहिल्यावर वादाला जागा राहिली नाही. त्या गृहस्थांनी स्वतःच विचारले, "मग सायकली कुठे ठेवायच्या?"

दोन जागा होत्या. ट्रॉलीच्या दांडीवर सांगाडा बसविता आला असता. पण तसे केल्याने तोंडाचा भार सत्तरावरून दीडशेकडे सरकला असता, आणि तो हलका करण्यासाठी मोसंबी मागे सरकविली असती तर क्रेट कमी-अधिक होताच तोल पुन्हा बिघडला असता. दुसरी जागा हौद्याच्या वर, मागच्या आसाच्या जवळजवळ डोक्यावर. तेथे ठेवलेले वजन पुढच्या चाकांना उचलीत नाही, चॅसीच्या टोकाला पिळीत नाही, आणि ट्रॉलीच्या वळणाच्या आड येत नाही. ते उंचावर जाते हा त्यातील दोष खरा, परंतु चार सायकलींचे पन्नास-साठ किलोग्रॅम जवळजवळ दोन टनांच्या गाडीच्या माथ्यावर, हे मी स्वीकारण्याजोगे मानले. चाचांनी हौद्याच्या चार कोपऱ्यांत खांब उभारले, त्यांवर दोन आडव्या नळ्या टाकल्या, आणि सायकलीचे पुढचे चाक काढून तिचा फोर्क त्या नळीवर आवळता येईल अशा पकडी बसविल्या. खाली पंप आणि टाकी जागच्या जागी राहिली. फाळका पूर्ववत उघडू लागला. हिचवरचा सांगाडाही आम्ही त्यांना करून दिला, पण तो ट्रॉली नसलेल्या दिवसांसाठीच. दोन्ही एकाच वेळी लागू नयेत म्हणून त्याची दांडी इतकी आखूड ठेवली की तिच्या मागे बॉल बसविण्यास जागाच उरली नाही.

चॅसीला हिच जोडताना एक नियम आम्ही कटाक्षाने पाळला, आणि तो या धंद्यातील प्रत्येकाने पाळावा असे मला मनापासून वाटते. चॅसीच्या वरच्या व खालच्या पट्टीला, जेथे ताण सर्वाधिक असतो, तेथे भोक पाडायचे नाही आणि आडवी वेल्डिंग तर मुळीच करायची नाही. मधल्या उभ्या भिंतीत कारखान्याने ठेवलेल्या भोकांतूनच १०.९ प्रतीचे बोल्ट घालून, टॉर्क पान्याने मापून आवळायचे. वेल्डिंगची उष्णता तयार चॅसीच्या धातूची घडण त्या रेघेशेजारी बदलून टाकते, आणि तडा नेहमी तेथूनच निघतो. आवळल्यानंतर प्रत्येक नटावरून खाली पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे नट किंचित जरी फिरला तरी ती रेघ तुटलेली दिसावी.

कायद्याची बाजूही लहान नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरला स्वतंत्र वाहन मानले असून कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी आवश्यक आहे, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक मागच्या ट्रेलरवरही दिसला पाहिजे अशी तरतूद त्यातच आहे. गाडी एकापेक्षा अधिक ट्रॉली ओढीत असेल तर तो सर्वांत शेवटच्या ट्रॉलीवर. कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात नमूद केलेला तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करण्याची मुभा मालकाला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणून आम्ही त्या गृहस्थांना केलेल्या कामाचे मोजमापांसह लेखी टिपण दिले, आणि परिवहन कार्यालयात ते दाखवून आपल्या दस्तऐवजांशी मेळ घालून घेण्यास सांगितले. पुष्कळ ग्राहक अशा सूचनेला कटकट समजतात. यांनी ती मानली, याचा मला संतोष आहे.

चाचणीसाठी रविवारची सकाळ निवडली, कारण त्या वेळी वसाहतीतील आतले रस्ते मोकळे असतात. ट्रॉलीत क्रेट भरले, वजनकाट्यावर एकूण वजन घेतले, आणि दांडीचे तोंड एका छोट्या काट्यावर टेकवून तेथील भार निराळा मोजला. तो पंचावन्न भरला तेव्हा दोन क्रेट पुढे आणले आणि तो सत्तराच्या जवळ आला. दोन सुरक्षा-साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधल्या, कारण बॉल निसटलाच तर दांडीचे नाक त्या फुलीवर अडकावे आणि रस्त्यात रुतू नये. दिव्यांची तार जोडली, ब्रेक दाबून लाल दिवा मागून पाहिला. गंगापूरच्या वाटेवर प्रथम सावकाश, मग थोड्या वेगाने गाडी चालविली. आरशात ट्रॉली सरळ रेघेत येत होती. परत आल्यावर नटांवरच्या रंगाच्या रेघा अखंड होत्या, तरीही आम्ही ते सर्व नट पुन्हा एकदा मापून आवळले, कारण नव्या जोडणीत रंग आणि गंज दबून बोल्ट सैल होतात.

या कामाच्या निमित्ताने एक गोष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. ऊस-हंगाम सुरू झाला की याच रस्त्यांवर रात्री-अपरात्री एकामागे दोन-दोन ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टर धावू लागतात, आणि त्यांतील कित्येकांच्या मागे लाल दिवा नसतो, पिनेला क्लिप नसते, साखळीचा तर पत्ताच नसतो. त्या ट्रॉलीमागून मोटारसायकलवर घरी जाणारा कामगार रात्रपाळी संपवून थकलेला असतो. त्या गृहस्थांनी चार सायकलींसाठी जेवढी खबरदारी घेतली, तेवढी टनावारी ऊस ओढणाऱ्याने घेणे अवघड नाही, महाग तर मुळीच नाही. म्हणून माझी शेतकरी बंधूंना आणि माझ्यासारख्या गाळेवाल्यांनाही विनंती आहे की, दोन साखळ्या, चालू स्थितीतला मागचा दिवा आणि पिनेची क्लिप एवढे बसविल्यावाचून एकही ट्रॉली आपल्या दारातून रस्त्यावर जाऊ देऊ नये.